यीस्ट वैरण पचवते का?

पशुखाद्यातील यीस्टविषयीची जी माहितीपत्रके आणि लेख आमच्या वाचनात येतात, त्यांत यीस्ट गाईला चारा पचवायला मदत करते, हे विधान ठरलेलेच. ते खोटे नाही. पण विद्यार्थी त्यातून हमखास असे समजतो, की यीस्टच कडब्यातील सेल्युलोज फोडते. पाव फुगवणारे हे यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, सेल्युलोज पचवूच शकत नाही.

मग ते करते काय? कोठीपोटात वैरण फोडतात ते तेथील जिवाणू, आदिजीव आणि बुरशी. यांतील बहुतेकांना ऑक्सिजन घातक असतो आणि घासाबरोबर, पाण्याबरोबर तो थोडाथोडा आत जातच असतो. जिवंत यीस्ट श्वसनात तो वापरून टाकते. न्यूबोल्ड, वॉलेस आणि मॅकिंटॉश यांनी १९९६ मध्ये याचा पुरावा प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेतील कृत्रिम कोठीपोटात जिवाणूंची संख्या वाढवणारे यीस्टचे वाण त्यांनी घेतले आणि त्यांचेच, पण श्वसन करू न शकणारे, उत्परिवर्ती वापरून पाहिले. जिवाणू वाढले नाहीत! एकच गुण काढून घ्यायचा आणि परिणाम टिकतो का ते पाहायचे. नियंत्रित प्रयोग शिकवताना याहून चांगले उदाहरण आम्हाला सुचत नाही. (बाटलीवर फुगा लावण्याचा नेहमीचा प्रयोग येथे उपयोगाचा नाही. तो साखरेचे किण्वन दाखवतो.)

आमची खरी तक्रार मात्र लाभाच्या आकाराबद्दल आहे. २००९ मध्ये फ्रेंच संशोधकांनी ११० शोधनिबंधांतील आकडे एकत्र तपासले. कोठीपोटाचा सामू सरासरी ०.०३ ने वाढला होता, दूध दर किलो वजनामागे १.२ ग्रॅमने, म्हणजे ४०० किलोच्या गाईला दिवसाला जेमतेम अर्धा किलो. तोही यीस्ट रोज चारले तर, कारण कोठीपोटाच्या ३९ अंश तापमानात ते वाढून टिकत नाही.

आंबोणाचे प्रमाण जितके जास्त, तितका सामूवरील परिणाम मोठा, असेही त्यांना आढळले. हे समजण्याजोगे आहे. धान्यातील स्टार्चपासून भराभर आम्ले तयार होतात आणि सामू ६ च्या खाली गेला की सेल्युलोज फोडणारे जिवाणू मंदावतात. नुसत्या कडब्यावर असलेल्या जनावराची अडचण वेगळी असते. त्याच्या जिवाणूंना नायट्रोजन कमी पडतो आणि चिमूटभर यीस्टने ती उणीव भरत नाही. मूठभर पेंडीने थोडी तरी भरते. आमच्या हाती आलेल्या माहितीपत्रकांत गाय काय खाते, हा प्रश्नच नव्हता.