चित्तप्रसादन आणि देवाची शांती

निपाणी-बेळगाव भागातील मंडळ्यांत सेवा करणाऱ्या पाळकांस व धर्मोपदेशकांस चिंताग्रस्त माणसे नित्य भेटतात. तंबाखूच्या भावावर शेतकऱ्याचे वर्ष ठरते. १९८१ साली याच भावासाठी निपाणीत मोठे आंदोलन झाले व गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. विड्या वळणाऱ्या बाईस आपल्या किती विड्या खराब म्हणून छाटल्या जातील, याची काळजी असते. अशांस योगाभ्यासाचा सल्ला आता सर्वत्र मिळतो. तेव्हा योगदर्शन चिंतेविषयी काय सांगते, हे पारखून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पतंजलीचे निदान सूक्ष्म आहे. चित्तविक्षेपाचे सोबती म्हणून तो दुःख, दौर्मनस्य, अंगाचा कंप आणि श्वासाची अस्थिरता यांची गणना करतो. चिंता देहातही वसते, हे त्याने ओळखले. म्हणून श्वास बाहेर सोडून धरण्याचा उपायही तो सुचवितो. कृष्णाजी केशव कोल्हटकरांनी योगसूत्रांवरील आपल्या मराठी विवरणास ‘भारतीय मानसशास्त्र’ म्हटले, ते यथार्थ होय. संथ श्वासाने क्षुब्ध मन निवत असेल, तर तो लाभ ख्रिस्ती मनुष्याने नाकारण्याचे कारण नाही. श्वास हे देवाचेच दान आहे.

परंतु दोन ठिकाणी थांबले पाहिजे. चित्तप्रसादनासाठी पतंजली सुखी जनांविषयी मैत्री, दुःखितांविषयी करुणा, पुण्यवंतांविषयी मुदिता आणि अपुण्यवंतांविषयी उपेक्षा सांगतो. ही उपेक्षा स्वतःचे मन द्वेषाने गढूळ होऊ नये म्हणून आहे, हे न्यायाने मान्य करावे. तथापि चांगल्या विड्याही छाटल्या जात असतील, तर पाळकाने त्या अन्यायाची उपेक्षा करून चालणार नाही. त्या बाईची काळजी हा केवळ तिच्या चित्ताचा दोष नव्हे.

दुसरा भेद अधिक खोल आहे. योगदर्शनातही ईश्वरप्रणिधान आहे. पण तो ईश्वर क्लेशांचा स्पर्श नसलेला पुरुषविशेष होय. आमचा प्रभू गेथशेमाने बागेत व्याकूळ झाला, त्याने शिष्यांस जागे राहण्यास विनविले आणि प्याला टळावा म्हणून पित्याजवळ मागणे केले. म्हणून चिंता म्हणजे अविश्वास, असे कोणास सुनावण्याचा अधिकार आम्हांस नाही. पौलानेही बंदिवासातून फिलिप्पैकरांस चिंता न करण्याविषयी लिहिताना मनातील मागण्या देवास कळवावयास सांगितले.

तेव्हा घरभेटीत घाबरलेल्या माणसास प्रथम सावकाश श्वास घेऊ द्यावा, मग त्याचे गाऱ्हाणे पुरते ऐकावे व त्याच्याच शब्दांत ते प्रार्थनेत मांडावे. झोप व अन्न तुटले असेल, तर डॉक्टरांकडे सोबत जावे. शास्त्रवचन ऐकविण्याची घाई मात्र करू नये.