सवंगडी आणि सहचर

लहानपणचे सवंगडी पुढे पतिपत्नी होऊ पाहतात, हे प्रणयकथेचे लाडके सूत्र. आपल्या बहुतेक लेखकांना त्यातील अडसर मात्र गैरसमजापलीकडे सापडत नाही. एक चिठ्ठी हरवते, नायक मुंबईस जातो आणि अडीचशे पाने भरतात. शरच्चंद्रांचे तसे नाही. 'परिणीता'मधील (१९१४) शेखर आणि ललिता शेजारी वाढलेली. त्यांच्या आड पैसा आणि पंथ येतात. 'देवदास'मध्ये (१९१७) घराण्याचा तोरा येतो. म्हणून ती दुःखे आम्हांस खरी वाटतात.

आपल्याकडे तर क्रमच उलटा होता. खंडाळा तालुक्यातील नायगावच्या सावित्रीबाई १८४० साली बोहल्यावर चढल्या, त्या नवव्या वर्षी. आधी लग्न, मग पाटीपुस्तक, मग सोबत. जोडप्याने सवंगडी होण्याची अशी कथा लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. प्रणयकादंबरीत ती आम्हांस क्वचितच भेटली.

संमतीनेच विवाह घडतो, ती दुसऱ्या कोणाला देता येत नाही, असे आपला कॅनन लॉ (कलम १०५७) सांगतो. गाव ते मानत नाही. १८६८ साली नायगावहून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात सावित्रीबाई गणेश व शार्जा यांची हकीकत कळवतात. तो ब्राह्मण, ती अस्पृश्य मानलेल्या जातीची. ही बालमैत्री नव्हे. पण गैरसमजही कोठे नाही. दोघांनी एकमेकांना ओळखले होते, गावानेही त्यांना ओळखले आणि ठार मारावयास काढले. सावित्रीबाई मध्ये पडल्या, आणि दोघांना त्यांनी जोतिरावांकडे पाठविले.