हरलेला रॉकी आणि जिंकलेला रॉकी

गाजलेल्या चित्रपटाचा दुसरा भाग बहुधा पहिल्याच्या पुण्याईवर जगतो. १९७६ साली जॉन ॲव्हिल्डसन यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘रॉकी’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह ३ ऑस्कर पारितोषिके मिळाली. १९७९ सालचा ‘रॉकी २’ मात्र लेखक व नायक सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांनी स्वतःच दिग्दर्शित केला. मुष्टियुद्धाच्या या दोन कथांत ख्रिस्ती रसिकाने विचार करावा असा एक भेद आहे. दुसऱ्या भागात प्रार्थना अधिक आहे. श्रद्धेचा अर्थ मात्र पहिल्यात अधिक खोल आहे.

पहिल्या चित्रपटाच्या आरंभी भिंतीवरील येशूचे चित्र दिसते आणि तेथून कॅमेरा खाली, एका सामान्य आखाड्यात ठोसे खाणाऱ्या रॉकीवर उतरतो. आखाड्याचे नाव ‘पुनरुत्थान’! फिलाडेल्फियाच्या गरीब वस्तीतला हा मुष्टियोद्धा एका सावकाराची वसुली करून पोट भरतो. जगज्जेता अपोलो क्रीड केवळ प्रसिद्धीसाठी त्याला संधी देतो. आदल्या रात्री रॉकी एड्रियनजवळ कबूल करतो, की आपण जिंकणार नाही. पंधराव्या फेरीच्या शेवटी पायांवर उभे असलो तरी पुरे. तो उभा राहतो आणि पंचांच्या बहुमताने हरतो. निकाल पुकारला जात असताना त्याचे तिकडे लक्षही नसते. तो एड्रियनला हाका मारीत राहतो. ती गर्दीतून वाट काढीत येते, तेव्हा तो विचारतो, तिची टोपी कुठे गेली? माणसाचे मोल निकालावर ठरत नाही, हे त्या साध्या प्रश्नातून कळते.

‘रॉकी २’चा पूर्वार्धही कसदार आहे. लढतीचा पैसा घर आणि मोटारीत संपतो. जाहिरातीची वाक्ये त्याला धड वाचता येत नाहीत, शिक्षणाअभावी कचेरीत नोकरी मिळत नाही, मांसाच्या कारखान्यातले कामही जाते. नंदुरबार जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी गुजरातकडे जाणारी बिऱ्हाडे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही व्यथा परकी वाटणार नाही.

पुढे एड्रियन अकाली बाळंत होऊन बेशुद्ध पडते. रॉकी सराव सोडून तिच्या उशाशी बसतो, तिला वाचून दाखवतो, रुग्णालयाच्या प्रार्थनामंदिरात जातो. त्याचा कडक गुरू मिकी तेथे येतो आणि अखेर त्याच्या सोबतीला बसून राहतो. या प्रार्थनेत विजयाची मागणी नाही. दोन्ही चित्रपटांतला हा सर्वांत प्रांजळ क्षण होय.

पण शुद्धीवर आलेली एड्रियन त्याला जिंकायला सांगते आणि कथेचा सूर पालटतो. लढतीला जाताना रॉकी फादर कार्माइन यांच्या खिडकीखाली उभा राहून आशीर्वाद मागतो. शेवटच्या फेरीत दोघेही कोसळतात. उठतो तो रॉकीच. प्रेक्षक सुखावतो, परंतु मागच्या साऱ्या प्रार्थनांना आता नवस फळल्याचा रंग चढतो. या वेळी एड्रियन घरी, दूरदर्शन संचासमोर आहे. रॉकी पट्टा उंचावून आपण जिंकल्याचे तिला ओरडून सांगतो. पहिल्या वेळी त्याला ती जवळ हवी होती. आता तिने आपला विजय पाहावा, असे त्याला वाटते.

क्रूसावरून उतरून दाखव म्हणणाऱ्या गर्दीलाही डोळ्यांना दिसणारा विजयच हवा होता. परीक्षेच्या किंवा सामन्याच्या सकाळी मुलांना प्रार्थना करायला सांगताना आपणही त्यांना नकळत तेच शिकवत नाही ना? मुलांना दोन्ही चित्रपट अवश्य दाखवावेत. टाळ्या दुसऱ्याला पडतील. बोलायला मात्र पहिला घ्यावा.