प्रमादाची चाहूल आणि प्रमादाचे ज्ञान

विल्यम गेह्रिंग व त्यांचे सहकारी यांचा १९९३ मधील निबंध या विषयाच्या अभ्यासात पायाभूत मानला जातो, आणि तो मान यथार्थ आहे. घाईने चुकीची कळ दाबली जाताच सुमारे ५० ते १०० सहस्रांश सेकंदांत मस्तकाच्या पुढील मध्यभागी एक ऋण विद्युत्-तरंग उमटतो. अचूकतेवर भर दिल्यास तो अधिक प्रबळ होतो. यावरून प्रमाद ओळखून त्याची भरपाई करणारी यंत्रणा मेंदूत असावी, असा निष्कर्ष निबंधकारांनी काढला.

वादाचा मुद्दा आहे तो ‘ओळखणे’ या शब्दाचा. न्यूवेनहाउस प्रभृतींच्या २००१ मधील प्रयोगात दृष्टी चुकीच्या दिशेस वळल्याचे प्रयुक्ताच्या ध्यानात आले नाही, तेव्हाही हा तरंग उमटला. त्यामागून येणारा धन तरंग मात्र ध्यानात आलेल्या चुकांच्या वेळीच अधिक प्रबळ होता. तेव्हा पहिल्या तरंगास फार तर चाहूल म्हणता येईल.

‘भरपाई’विषयीही हेच म्हणावे लागते. चुकीनंतरचा प्रतिसाद मंदावतो, हे पॅट्रिक रॅबिट यांनी १९६६ मध्येच दाखविले होते. या मंदगतीस सावधगिरी समजण्याची प्रथा पडली. परंतु नोटेबार्ट प्रभृतींनी २००९ मध्ये अचूक उत्तरेच विरळ केली, तेव्हा प्रतिसाद अचूक उत्तरानंतर मंदावला. अर्थात् मंदगतीच्या मुळाशी अनपेक्षिततेने विचलित झालेले अवधानही असू शकते.

निबंधातील निरीक्षणे अबाधित आहेत; सैल आहे ती परिभाषा. मंदावणे आणि सुधारणे यांचे मापन पृथक् केल्यावाचून मेंदू चुकीपासून शिकला, असे म्हणण्याचा अधिकार प्राप्त होत नाही.