भुताची जात आणि लंगडा पाय

वाघोलीच्या दगडखाणीत कपची उडून माझ्या वडिलांचा उजवा डोळा गेला आणि बुबुळ पांढरे पडले. वस्तीतली पोरे त्यांना पाहून पळत. हे भय कुणी जन्मतः घेऊन येत नाही. विद्रूप चेहरा म्हणजे सैतान, हा धडा ‘पुराना मंदिर’ (1984) सारख्या रामसे बंधूंच्या चित्रपटांनी गल्लोगल्ली दिला होता. त्यामुळे भयपटाची चिकित्सा मला त्या डोळ्यापासूनच सुरू करावी लागते.

शरीर मोडले ते पापाने मोडले, ही पूर्वसंचिताची कल्पना या चित्रपटांच्या मुळाशी आहे. आपल्याला गावकुसाबाहेर ठेवणारी कल्पनाही हीच. गतजन्मीच्या कर्माचा हा हिशेब बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये नाकारला; पडद्याने तो अजून जपून ठेवला आहे.

आणि आपल्याकडे भुतालाही जात असते! मुंज होऊन लग्नाआधी मेलेला ब्राह्मण मुलगा मुंजा होतो. आदित्य सरपोतदारांच्या ‘मुंज्या’त (2024) या मुलाला नाव आहे, फसलेले प्रेम आहे, गाऱ्हाणे आहे. त्याचे खुरटे, वाकडे शरीर मात्र किळस आणि हशा यांसाठीच वापरलेले. अपंगांची पडद्यावर टवाळी होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये निपुण मल्होत्रा खटल्यात बजावले. पण तो खटला विनोदी चित्रपटाचा. भुताच्या वतीने कोण दाद मागणार?

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (2018) मला अधिक प्रामाणिक वाटतो. साखळदंडाने बांधलेली, सडलेली म्हातारी तिथेही जुन्याच व्याकरणातली आहे. पण विनायकरावाचा मुलगा पांडुरंग लंगडतो आणि त्या पायाला चित्रपट शाप चिकटवत नाही. तो पाय ओढत बापामागून विहिरीत उतरतो. शेवटी बापाने पुढे केलेले धन नाकारणाराही तोच. म्हातारी आणि पांडुरंग या दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच मुलाने केल्या आहेत. राक्षसपण अंगात नसते, ते रंगवून चढवावे लागते, याचा याहून उघड पुरावा कोणता?

तरीही तुंबाडचे जग वाड्याच्या आतलेच. ते चिरे कुणी फोडले, जमीन कुणी कसली, हे विचारायचे नाही. मुंजाला पिंपळ मिळाला, म्हातारीला वाडा मिळाला. आमच्या माणसाला या पडद्यावर भूत होण्याइतकेही अस्तित्व नाही.

वर्गात हे मांडत असताना कुबड्या घेऊन येणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, पांडुरंगाचं काम करणारा पोरगा खरंच लंगडा होता का?”

“नाही,” मी म्हणालो.

“मग आम्हाला कधी घेणार?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. तास संपल्याची घंटा झाली तरी तो बाकावरून उठला नाही.