राजाचा देव, प्रजेचा देव

प्राचीन सुमेरमधील राजांच्या व्यक्तिगत संरक्षक देवांविषयी वाचताना त्यांना आपल्या 'कुलदैवता'च्या पंक्तीस बसविण्याचा मोह होतो. आम्हांस ही तुलना अर्धीच पटते.

लगश नगरीचा स्वामी निंगिर्सू. उर-नान्शेच्या घराण्याचा स्वतःचा देव मात्र शुलुतुल. राजाची बाजू थोर देवांपुढे मांडणे हे अशा देवाचे काम. इ. स. पूर्व २२ व्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या गुदेआच्या मुद्रेवर निंगिश्झिदा त्याचा हात धरून त्यास आसनस्थ देवापुढे नेताना कोरला आहे. वशिल्याचा देव म्हणा ना! राजाच्या अपराधाचा भागीदारही तोच. लुगलझागेसीने लगश लुटली, तेव्हा तेथील लेखकाने ते पाप त्याची देवी निदाबा हिच्या मानेवर घातले.

आता गोव्याचे कदंब पाहा. त्यांच्या सुवर्णनाण्यांवर 'श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद' हे बिरुद आहे. येथे मध्यस्थ कोणी नाही. वर देणारा साक्षात महादेव. आणि खरा भेद पुढेच आहे. शुलुतुलाचे नाव आपणांस कळते ते मुख्यतः त्या घराण्याच्या लेखांतून. कदंबही लयास गेले, पोर्तुगीजांनी दिवाडीचे देऊळ पाडले. पण भाविकांनी लिंग नदीपलीकडे नार्व्यास नेले. तेथील देवळाचा १६६८ साली जीर्णोद्धार करविला तो शिवछत्रपतींनी. महाराजांची कुलस्वामिनी तुळजाभवानी; सप्तकोटेश्वर काही त्यांच्या घराण्याचा देव नव्हता. अलीकडच्या डागडुजीनंतर २०२३ साली ते देऊळ पुन्हा खुले झाले. पूजा चालू आहे.