'साइड' म्हणजे मारणं : यवतमाळात नॉर्मन लुईस वाचताना

नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' १९४९ साली अमेरिकेत निघालं. पंचाहत्तर वर्षं उलटली, तरी यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, कुठल्याही गावच्या अभ्यासिकेत जा, चार टेबलांमागे एका टेबलावर ते पुस्तक दिसतं. विकत घेतलेलं नसेल तर टेलिग्रामवरून आलेली पीडीएफ असते, पन्नासाव्या पानापर्यंत पिवळी केलेली, पुढे कोरी. स्टाफ सिलेक्शन आणि बँकांच्या परीक्षांत समानार्थी, विरुद्धार्थी आणि 'अनेक शब्दांबद्दल एक शब्द' विचारतात, त्यासाठी हे पुस्तक. त्यामुळे त्याच्याबद्दल बोलणं होतं ते 'किती दिवसांत संपवलं' एवढंच. पुस्तक म्हणून ते कसं आहे, कोणासाठी लिहिलंय, आपल्याकडच्या पोराच्या हाती काय देतं, हे कोणी विचारत नाही.

कोणासाठी लिहिलंय, ते लुईस पहिल्या काही पानांतच सांगून टाकतो. अमेरिकी घरात वाढलेलं दहा वर्षांचं मूल वीस हजारांच्या वर शब्द ओळखतं, आणि शाळा सुटली की माणसाची शब्द शिकण्याची गती मंदावते, असं तो म्हणतो. म्हणून मोठ्यांनी पुन्हा शिकायला लागा. हे पुस्तक त्या वीस हजार शब्दांच्या वरचा मजला आहे. खालचे मजले लुईसनं गृहीत धरलेत, आणि त्यात त्याचं काही चुकलेलं नाही; त्याच्या वाचकाच्या घरात इंग्रजी चहाबरोबर मिळत होती. आपण मात्र जिना न बांधता थेट गच्ची विकत घेतो.

आता पुस्तकाची बाजू. लुईस शिक्षक म्हणून पक्का आहे. तो आधी कल्पना सांगतो आणि मग तिला शब्द देतो. फक्त स्वतःचंच बघणारा माणूस कसा असतो ते आधी, 'इगोइस्ट' नंतर. शब्द मोठ्यानं उच्चारायला लावतो, लगेच रिकाम्या जागा भरायला लावतो, दोन पानांनी तोच शब्द वेगळ्या वेषात परत आणतो. आज लर्निंग ॲपवाले 'स्पेस्ड रिपिटिशन' म्हणून जे विकतात, त्याचं बरंचसं काम या माणसानं कागदावर करून ठेवलंय. खोटारड्या माणसांचे प्रकार सांगायला त्यानं एक अख्खं प्रकरण दिलंय. शत्रूचा अपमान कसा करावा यावरही एक आहे, त्यात कजाग बाईसाठी 'व्हिरागो' आहे. (अपमानासाठी परदेशी पुस्तक लागावं अशी वेळ अजून वऱ्हाडावर आलेली नाही, पण असो.)

त्याची खरी ताकद धातूंमध्ये आहे. लॅटिन-ग्रीक मूळ पकडायचं आणि त्याला लोंबकळणारे शब्द एका झटक्यात खाली पाडायचे. गंमत म्हणजे हा भाग अमेरिकी मुलापेक्षा आपल्याला सोपा जायला हवा. दातांच्या डॉक्टरांमधला 'ऑर्थोडॉन्टिस्ट' बघा. त्यातलं 'ओडोन्त' आणि आपला 'दंत' सख्खे चुलतभाऊ. 'पोडियाट्रिस्ट'मधला पाय आणि 'पद' एकच. 'अग्नॉस्टिक' तर आरशात बघितल्यासारखा आहे: आधी नकाराचा 'अ', मग जाणण्याचा धातू, जो संस्कृतात 'ज्ञा' आहे. अज्ञेयवादी हा शब्द ज्यानं इतिहासाच्या पुस्तकात वाचलाय, त्याला 'अग्नॉस्टिक' पाठ करायची गरज नाही. ओळख करून दिली की झालं. 'मेटर' आणि मातृ, 'फ्रेटर' आणि भ्रातृ, 'विडो' आणि विधवा. मुलं अनोळखी म्हणून घोकतात त्यातले अर्धे शब्द आपल्या भावकीतले निघतात. लुईसनं ही ओळख करून दिली नाही, कारण त्याच्यासमोर आपण नव्हतो. पण हे पुस्तक मराठीतून शिकवणाऱ्या कितीतरी व्हिडिओंतही ती नसते. तिथे 'ऑर्थोडॉन्टिस्ट' लक्षात ठेवायला कुठल्यातरी हिंदी गाण्याची यमकं जुळवतात. ही ट्रिक परीक्षेपर्यंत टिकते. धातू कळला तर तो आयुष्यभर पुरतो. माझ्या कामातला एक शब्द आहे 'आयडेम्पोटंट', म्हणजे एखादी आज्ञा एकदा दिली काय आणि दहादा दिली काय, परिणाम तोच. लुईसमध्ये हा शब्द नाही, पण 'ऑम्निपोटंट' आहे, आणि त्यातला 'पोटंट' ज्यानं नीट शिकलाय त्याला माझा शब्द निम्मा आधीच येतो. हे श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पण अडतं ते भलत्याच ठिकाणी. राज्य सरकारनं २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणली. माझी पिढी त्यातून गेलेली आहे. दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी, मग एकदम इंजिनिअरिंगचं जाडजूड इंग्रजी पुस्तक. पहिल्या वर्षी आम्हाला 'मिसॅन्थ्रोप'नं कधी अडवलं नाही. अडवलं ते 'व्हेअरॅज'नं, 'हेन्स'नं, 'अझ्यूम'नं, 'आर्बिट्ररी'नं, 'निग्लिजिबल'नं. 'रिस्पेक्टिव्हली' म्हणजे अनुक्रमे, हे ज्याला माहीत नाही, तो गणिताचं उत्तर बरोबर काढून चुकीच्या जागी लिहितो. हे शब्द कोणी शिकवत नाही. शिक्षकाला ते सोपे वाटतात, आणि क्लासवाल्याला ते विकता येत नाहीत. 'हेन्स' येतं म्हणून कोणी फ्लेक्सवर फोटो लावत नाही.

भाषाशास्त्रात यावर काम झालेलं आहे. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेडनं २००० साली वेगवेगळ्या विद्याशाखांचं सुमारे ३५ लाख शब्दांचं लेखन तपासून ५७० शब्दकुळांची यादी काढली. इंग्रजीतली सगळ्यात नेहमीची दोन हजार शब्दकुळं कुठल्याही अभ्यासाच्या मजकुराचा तीन-चतुर्थांश भाग व्यापतात, आणि त्यांच्यावर ही ५७० आणखी सुमारे १० टक्के. 'डिराइव्ह', 'इंडिकेट', 'सिग्निफिकंट', 'कॉन्स्टिट्यूट' असले, चेहरा नसलेले शब्द. आणि ती पहिली दोन हजारांची यादी कोणाची? १९५३ साली ती नेटकी करून छापली मायकेल वेस्टनं. हा इंग्रज ढाक्याला शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात होता. बंगाली पोरं इंग्रजी वाचताना का ठेचकाळतात हे बघताना त्याला कळलं की पुस्तकं एका पानात फार नवे शब्द कोंबतात, आणि तेही क्वचित लागणारे. त्यानं गोष्टी पुन्हा लिहिल्या, नेहमीचे शब्द आधी, नवा शब्द विरळ आणि पुन्हा पुन्हा. म्हणजे आपल्यासारख्याच पोरांकडे बघून, आपल्याच उपखंडात, शंभरेक वर्षांपूर्वी याचं उत्तर निघालं होतं. ते जगभर गेलं. आपण अमेरिकी हपिसातल्या साहेबासाठी लिहिलेलं पुस्तक घेऊन बसलो.

परीक्षेची अडचण मला मान्य आहे. पेपरात 'युक्सोरिसाइड' येणार असेल तर तो पाठ करावाच लागेल, बायकोचा खून म्हणजे युक्सोरिसाइड. लुईसकडे अशा खुनांची लांबलचक रांग आहे. बापाचा, आईचा, भावाचा, राजाचा, तान्ह्या मुलाचा. सगळ्यांच्या शेवटी 'साइड', लॅटिनमधल्या तोडण्या-मारण्याच्या धातूवरून. रांगेत 'सुइसाइड'ही आहे. हे पान यवतमाळच्या अभ्यासिकेत वाचणाऱ्याच्या डोक्यात काय येतं, याचा लुईसला पत्ता असणं शक्य नव्हतं. इंग्रजी पेपरांना आमच्या जिल्ह्याचं नाव या शब्दाशिवाय लिहिता येत नाही. आणि ज्या डब्यातून ते घडतं, त्या डब्यावर 'इन्सेक्टिसाइड' लिहिलेलं असतं. तोच धातू.

गावात त्या डब्याला कोणी कीटकनाशक म्हणत नाही. औषध म्हणतात. पऱ्हाटीवर औषध मारायचं, कृषी केंद्रातून औषध आणायचं. आणि कोणी ते प्यायलं तरी शब्द तोच, 'त्यानं औषध घेतलं'. मराठीत एका शब्दानं पिकाचा उपचार आणि माणसाचा शेवट दोन्ही सांगितले जातात. इंग्रजी लेबल मात्र तिथे पायरी पायरीनं बोलतं. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कीटकनाशकाच्या डब्यावर रंगाचा चौकोन असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. लाल आणि पिवळ्यावर शब्द आहे 'पॉयझन', लालवर शिवाय कवटी. निळ्यावर 'डेंजर'. हिरव्यावर 'कॉशन'. समानार्थी शब्दांचा याहून चांगला धडा मला कुठल्या पुस्तकात दिसलेला नाही. पॉयझन, डेंजर आणि कॉशन ही तीन बहिणींची नावं नव्हेत, त्यांच्यात अंतर आहे, आणि ते अंतर मिलिग्रॅममध्ये मोजून ठरवलेलं आहे. पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी चालून जातील. वावरात चालत नाहीत. हिरवा बघून मनात 'औषधच आहे' म्हणणारा आणि 'जपून' म्हणणारा, दोघांची फवारणी वेगळी होते.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं. कारणं बरीच पुढे आली: डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी, दोन-तीन औषधं एकत्र करणं, तोंडाला रुमालापलीकडे काही नसणं. चार इंग्रजी शब्द येत असते तर माणसं वाचली असती, असं म्हणणं क्रूर आणि खोटं होईल. मजुराच्या हाती मिसळून तयार केलेला पंप येतो, डबा मालकाच्या घरी असतो. पण त्याच घरातलं पोरगं गावच्या अभ्यासिकेत 'व्हिरागो' घोकत असतं, आणि डब्यासोबतच्या घडीपत्रिकेतला 'अँटिडोट' त्याच्या कुठल्याच यादीत नसतो. 'इन्हेल', 'सिम्प्टम', 'एक्स्पोजर', 'डायल्यूट' नसतात. प्रगत शब्दसंग्रह कशाला म्हणायचं, हे कोण ठरवतं? आपल्याकडे तो ठरतो पेपर काढणाऱ्याच्या लहरीवर.

लुईसच्या पद्धतीत आणखी एक मोठी उणीव आहे, आणि ती आपल्या आज्यांच्या पिढीला जाणवली असती. त्याचा शब्द व्याख्येला जोडायचा असतो, जोड्या लावा छाप. वाक्य तुम्ही लिहीत नाही. आपल्याकडची जुनी तर्खडकर भाषांतर पाठमाला याच्या उलट चालायची: मूठभर शब्द द्यायची आणि वाक्यांचा ढीग, इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून परत इंग्रजीत. तिची वाक्यं आज हसू आणतात, शब्द जुनाट झालेत, संवाद तर नाहीच. तरी मराठीतून इंग्रजीत जाताना क्रियापद वाक्याच्या शेवटून मध्ये ओढून आणायचे कष्ट ती करवून घ्यायची. शब्द तिथे कामाला लागायचा. लुईस वाचून झालेल्या एका मुलानं मला नोकरीसाठी लिहिलेला मेल दाखवला होता. त्यात 'इन्डिफॅटिगेबल' होतं, आणि पहिल्याच वाक्याला क्रियापद नव्हतं. मेल वाचणाऱ्यानं त्या शब्दावरून त्याला घेतलं नसतं, क्रियापदावरून मात्र नक्की नाकारलं असतं. आम्ही दोघांनी बसून तो शब्द काढला, वाक्य जोडलं.

२०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि नंतर निमंत्रण मागे घेतलं. इंग्रजीत लिहिणारी लेखिका मराठी संमेलनाला कशाला, हा त्या वेळचा एक आक्षेप. त्यांचे वडील रणजित पंडित मराठी घराण्यातले आणि 'राजतरंगिणी'चे इंग्रजी भाषांतरकार, हे आक्षेप घेणाऱ्यांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे. शेवटी उद्घाटन केलं जिल्ह्यातल्याच वैशाली येडे यांनी, ज्यांच्या शेतकरी नवऱ्यानं आत्महत्या केली होती. इंग्रजी बातम्यांत त्या 'फार्म विडो' झाल्या. इथे चळवळीतले लोक 'एकल महिला' म्हणतात, आणि तो शब्द मुद्दाम निवडलेला आहे, कारण त्यात गेलेल्या नवऱ्याची सावली नाही. 'विडो' आणि 'विधवा' एका धातूतून आले, पण 'एकल महिला'ला इंग्रजीत जोड शोधा, सापडत नाही. शब्दसंग्रह वाढवायचाच तर ही अडचणही त्यात येते.

सहगल यांचं न झालेलं भाषण त्या आठवड्यात मोबाईलवर फिरलं, मराठीत आणि मूळ इंग्रजीतही. ते अजून इंटरनेटवर आहे. मूळ वाचा. इंग्रजी साधी आहे, लुईसच्या यादीतले शब्द त्यात शोधूनच काढावे लागतील. बारावी झालेल्या मुलाला शब्दकोश बाजूला ठेवून ते अर्ध्या तासात संपतं, आणि मग मराठी भाषांतराशी ओळ-ओळ ताडून बघता येतं. अभ्यासिकेतल्या ज्या दोघा-तिघांना मी हे सुचवलं, त्यातल्या एकानं दुसऱ्या दिवशी विचारलं, 'दादा, हे परीक्षेले येते का?' मी नाही म्हटलं. त्यानं तरी वाचलं, आणि त्यातल्या तीन वाक्यांचं भाषांतर चुकलंय असं मला सांगायला आला. एका वाक्याबाबत त्याचं बरोबर होतं.